एका पालाशाचे तीन भाऊ : अणूची घडण आणि खानदेशची शेती

अणु हा शब्द ऐकतांच सामान्य मनुष्याच्या डोळ्यांपुढें बाँब उभा राहतो. १९४५ सालीं जपानांतील हिरोशिमा व नागासाकी हीं दोन शहरें ज्या अस्त्रानें उद्ध्वस्त झालीं, त्याच्याशीं हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. त्यामुळें त्याच शब्दाचा संबंध आपल्या खताच्या पोत्याशीं, उडदाच्या बियाण्याशीं किंवा कांद्याच्या चाळीशीं लागला कीं शेतकऱ्याच्या मनांत शंका उत्पन्न व्हावी, हें साहजिक आहे. पालाशाच्या खतांत किरणोत्सर्गी द्रव्य असतें हें खरें काय? किरणांच्या साहाय्यानें काढलेलें बियाणें पेरल्यास जमीन नासेल काय? किरण दिलेला कांदा खाण्यास योग्य असतो काय?

या प्रश्नांचीं उत्तरें नुसतीं "होय" किंवा "नाहीं" अशीं देऊन भागत नाहीं. ज्यास कारण ठाऊक नाहीं, त्यास उद्यां दुसऱ्यानें उलट सांगितलें म्हणजे तो पुन्हां गोंधळांत पडतो. शिवाय भीतीमुळें जसें नुकसान होतें, तसें नुसत्या कौतुकामुळेंही होतें. न समजलेल्या शब्दाला भुलून गांठीचा पैसा खर्च करणारे कांहीं थोडे नाहींत. यास्तव अणूची घडण कशी असते व "समस्थानिक" म्हणजे काय, हें मूळ प्रकरण आम्ही या लेखांत शेतकऱ्याच्या नित्य परिचयाच्या वस्तु घेऊन मांडीत आहों. विषय रसायनशास्त्राचा असला तरी त्यास लागणारें गणित बाजारच्या हिशेबापलीकडचें नाहीं.

अणूची घडण

कोणतेंही मूलद्रव्य बारीक करीत गेलें असतां ज्या कणापुढें त्याचें मूलद्रव्यपण टिकत नाहीं, त्या शेवटल्या कणास अणु म्हणतात. जुन्या मराठी पुस्तकांत यालाच परमाणु असें नांव आढळतें. आपल्याकडे वैशेषिक दर्शनांत परमाणूची कल्पना फार प्राचीन काळीं मांडलेली आहे. परंतु वजनाचा कांटा हातीं घेऊन तिला प्रयोगाचा आधार देण्याचें काम इंग्लंडांतील जॉन डाल्टन यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं केलें. अणु हा अभंग आहे अशी त्याची समजूत होती. १८९७ सालीं जे. जे. टॉमसन यानें अणूहून पुष्कळच हलका असा ऋण विद्युतेचा कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, शोधून काढला व ती समजूत ढळली. पुढें १९११ सालीं रदरफोर्ड यानें असें दाखविलें कीं, अणूचें जवळ जवळ सर्व वजन त्याच्या मधोमध एका अत्यंत लहान गाभ्यांत सांठविलेलें असतें. या गाभ्यास केंद्रक म्हणतात. केंद्रकावर धन विद्युत् असते व त्याच्या सभोंवार इलेक्ट्रॉनांचा पसारा असतो.

हा गाभा किती लहान, याची कल्पना शेतकऱ्यास शेताच्याच मापानें करतां येईल. पालाशाच्या एका अणूचें केंद्रक ज्वारीच्या दाण्याएवढें मोठें झालें असें समजूं. मग त्या प्रमाणांत सबंध अणूचा व्यास सुमारें दोनशे मीटर भरेल. म्हणजे आठ एकरांच्या गोल वावराच्या मध्यभागीं ज्वारीचा एक दाणा ठेवावा, सगळें वजन त्या एका दाण्यांत असावें, आणि उरलेल्या वावरांत इलेक्ट्रॉनांखेरीज कांहीं नसावें, असा हा प्रकार आहे. एका अणूची दुसऱ्या अणूशीं जी कांहीं देवघेव होते, ती या वावराच्या बांधावर होते. मधल्या दाण्यापर्यंत ती पोहोंचत नाहीं. वाचकांनीं ही गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व विवेचन तिच्यावरच उभें आहे.

केंद्रकांत दोन प्रकारचे कण असतात. ज्यांवर धन विद्युत् असते ते प्रोटॉन, व ज्यांवर कोणतीच विद्युत् नसते ते न्यूट्रॉन. दोघांचें वजन जवळ जवळ सारखेंच आहे. प्रोटॉन जितके, तितकेच इलेक्ट्रॉन बाहेरच्या पसाऱ्यांत असतात. आणि मूलद्रव्याचा रासायनिक स्वभाव हा इलेक्ट्रॉनांवर अवलंबून असल्यामुळें प्रोटॉनांची संख्या हीच मूलद्रव्याची खरी ओळख ठरते. या संख्येस अणुक्रमांक म्हणतात. तिचें महत्त्व १९१३ सालीं मोसली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञानें प्रयोगानें सिद्ध केलें. ज्याच्या केंद्रकांत सात प्रोटॉन तें नत्र, पंधरा प्रोटॉन तो स्फुरद, आणि एकोणीस प्रोटॉन तें पोटॅशियम, ज्यास आपण खताच्या भाषेंत पालाश म्हणतों. एक प्रोटॉन कमी किंवा जास्त झाला कीं मूलद्रव्यच निराळें होतें.

पोत्यावरील आंकड्यांचा हिशेब

अणूंचीं वजनें ठाऊक असलीं म्हणजे खताच्या पोत्यावरील आंकडा कोठून आला, हें घरच्या घरीं पडताळून पाहतां येतें. युरियाच्या एका रेणूंत कार्बनचा एक अणु, प्राणवायूचा एक, नत्राचे दोन आणि हायड्रोजनचे चार अणु असतात. अणुभारांकानें कार्बन १२, प्राणवायु १६, नत्र १४ व हायड्रोजन १ धरला, तर १२ + १६ + २८ + ४ मिळून ६० होतात. या ६० भागांपैकीं नत्र २८ भाग, म्हणजे शेंकडा साडेशेहेचाळीसहून किंचित् अधिक. पोत्यावर शेंकडा ४६ छापलेलें असतें तें यामुळेंच. ४५ किलोच्या पोत्यांत नत्र म्हणून आपल्या हातीं पडतें तें २० किलोंपेक्षां थोडें अधिक.

पालाशाच्या बाबतींत मात्र एक जुनी रीत चालत आलेली आहे, ती समजून घ्यावी. म्युरिएट ऑफ पोटॅश हें पोटॅशियम व क्लोरीन यांचें संयुग आहे. त्याच्या पोत्यावर शेंकडा ६० पालाश असें लिहितात, तें पोटॅशियमच्या ऑक्साइडाच्या रूपानें मोजलेलें माप होय. वस्तुतः पोत्यांत ऑक्साइड मुळींच नसतें. प्रत्यक्ष पोटॅशियम मोजलें तर तें सुमारें शेंकडा ५० भरतें. म्हणजे ५० किलोच्या पोत्यांत २५ किलो. स्फुरदाचेंही तसेंच आहे. सिंगल सुपर फॉस्फेटवरील शेंकडा १६ हा आंकडा ऑक्साइडाचा आहे, मूळ स्फुरद शेंकडा ७ च्या आसपासच असतो. यांत कोणाची लबाडी नाहीं, ही जगभर रूढ झालेली मोजण्याची पद्धत आहे. मात्र दोन खतांची किंवा दोन शिफारशींची तुलना करतांना दोन्हींकडे एकच माप धरलें आहे कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून बोलूं नये.

समस्थानिक म्हणजे काय?

वर नत्राचा भारांक १४ व कार्बनचा १२ असे पूर्णांक घेतले. परंतु क्लोरीनचा अणुभारांक काढला तर तो ३५.४५ असा अपूर्णांकांत येतो. प्रोटॉन व न्यूट्रॉन हे तर अखंड कण. अर्धा न्यूट्रॉन कोठेंही नसतो. मग हा अपूर्णांक आला कोठून?

बाजारांतील एक उदाहरण घेऊं. एखाद्या व्यापाऱ्याकडे कांहीं पोतीं ३५ किलोंचीं व कांहीं ३७ किलोंचीं आहेत. सर्वांचा शिक्का एक, आंतील माल एक, फरक काय तो वजनाचा. त्यानें सगळ्या पोत्यांची सरासरी काढली तर ती अपूर्णांकांतच येणार. क्लोरीनचें अगदीं असेंच आहे. निसर्गांतील क्लोरीनच्या दर चार अणूंपैकीं सुमारें तीन ३५ भाराचे व एक ३७ भाराचा असतो. दोहोंच्याही केंद्रकांत प्रोटॉन सतराच. परंतु पहिल्यांत न्यूट्रॉन अठरा व दुसऱ्यांत वीस. प्रोटॉन सारखे व न्यूट्रॉन कमीअधिक, अशा एकाच मूलद्रव्याच्या अणूंस समस्थानिकें म्हणतात, कारण मूलद्रव्यांच्या कोष्टकांत त्यांचें स्थान एकच असतें. ही कल्पना फ्रेडरिक सॉडी यानें १९१३ सालीं मांडली. १९१९ नंतर अ‍ॅस्टन यानें अणूंचें वजन वेगवेगळें करून दाखविणारें यंत्र बनवून अनेक मूलद्रव्यांचीं समस्थानिकें उजेडांत आणलीं, आणि १९३२ सालीं चॅडविक यानें न्यूट्रॉन शोधून काढल्यावर या भेदाचें कारणही उघड झालें.

पालाशाचे असे तीन भाऊ आहेत. तिघांच्याही केंद्रकांत एकोणीस प्रोटॉन. थोरला आकारानें नव्हे तर संख्येनें थोरला, तो ३९ भाराचा. शंभरांत त्र्याण्णवांहून अधिक अणु याचेच. दुसरा ४१ भाराचा. शंभरांत सातांच्या आंत. तिसरा ४० भाराचा, आणि तो इतका विरळा कीं दहा लाख अणूंत त्याचे सुमारें ११७ सांपडतात. पहिले दोघे शांत व स्थिर आहेत. तिसऱ्याचें केंद्रक मात्र अस्थिर आहे. केव्हां ना केव्हां तें आपण होऊन बदलतें व त्या वेळीं किरण बाहेर टाकतें. यासच किरणोत्सर्ग म्हणतात.

केळीच्या बागेंतील किरण

आतां पहिल्या प्रश्नाकडे वळूं. पालाशाच्या खतांत किरणोत्सर्गी द्रव्य असतें काय? असतें. नैसर्गिक पोटॅशियमच्या एका ग्रॅमांत दर सेकंदास सुमारें ३१ केंद्रकें बदलत असतात. त्या हिशेबानें म्युरिएटच्या एका ५० किलोच्या पोत्यांत दर सेकंदास साडेसात लाखांहून अधिक केंद्रकें बदलतात. आंकडा ऐकून छाती दडपेल, म्हणून त्याचें दुसरें टोंकही पाहावें. या पोत्यांतील ४० भाराचा पालाश वेगळा काढला तर तो सारा मिळून तीन ग्रॅमच भरेल. आणि त्याचें अर्धायुष्य, म्हणजे असलेल्यांपैकीं निम्मे अणु बदलून जाण्यास लागणारा काळ, सुमारें १२५ कोटी वर्षें आहे. इतक्या सावकाश चालणाऱ्या क्रियेंतून निघणारे किरण अत्यंत मंद असतात. पोतें वाहणाऱ्या गड्यास किंवा तें फेंकणाऱ्या शेतकऱ्यास त्यापासून भय नाहीं.

रावेर, यावल, चोपडें या भागांतील केळीचा बागाईतदार जाणतोच कीं केळ हें पालाशाचें मोठें भुकेलें पीक आहे. प्रति झाड २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद व २०० ग्रॅम पालाश, ही शिफारस आपल्याकडे परिचित आहे. २०० ग्रॅम पालाश म्हणजे म्युरिएटचे सुमारें ३३३ ग्रॅम. आणि त्यांत किरणोत्सर्गी भावाचा वांटा ग्रॅमच्या पन्नासाव्या भागाएवढा. तो इतर दोघां भावांबरोबर मुळांतून खोडांत, खोडांतून घडांत जातो. एका मध्यम केळ्यांत दर सेकंदास दहा-बारा केंद्रकें बदलत असतात. ज्या जळगांवच्या केळ्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तेंही यास अपवाद नाहीं, आणि जगांतील दुसरें कोणतेंही केळें अपवाद नाहीं.

मग केळें खावें कीं नाहीं? या प्रश्नाचें उत्तर खाणाराच आपल्या अंगांत घेऊन हिंडत असतो. प्रौढ मनुष्याच्या शरीरांत सुमारें १४० ग्रॅम पोटॅशियम असतें, आणि त्यांत दर सेकंदास चार हजारांच्या आसपास केंद्रकें बदलत असतात. मनुष्य केळें खावो वा न खावो, शरीर आपल्यास लागेल तेवढेंच पोटॅशियम ठेवतें व जास्तीचें लघवीवाटें टाकून देतें. त्यामुळें हे किरण अंगांत सांठत जात नाहींत. येथें आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. "रासायनिक पालाश किरणोत्सर्गी व शेणखतांतील पालाश निर्मळ" असा भेद कोणी सांगूं लागल्यास तो मानूं नये. चुलींतील राख, शेणखत, केळीच्या खोडाचें खत, या सर्वांतील पालाशांत तिन्ही भाऊ त्याच प्रमाणांत असतात. शेणखताचे गुण अनेक आहेत व त्यासाठीं तें अवश्य घालावें. परंतु हा त्यांपैकीं नव्हे.

हाच तिसरा भाऊ आपल्या काळ्या जमिनीचें वयही सांगतो. तो बदलतो तेव्हां त्याच्या शंभर अणूंपैकीं सुमारें ८९ कॅल्शियम होतात व ११ आर्गॉन नांवाचा वायु होतात. दख्खनचा काळा दगड तापून वितळलेल्या लाव्ह्याचा थिजून झाला. थिजल्यापासून त्याच्यांतील पालाशाचा जो आर्गॉन झाला, तो दगडांत अडकून राहिला. किती पालाश उरला व किती आर्गॉन सांचला, हें मोजलें कीं दगड केव्हां थिजला तें कळतें. अशा मोजणीवरून दख्खनचा कातळ सुमारें साडेसहा कोटी वर्षांचा ठरला आहे. धुळें व नंदुरबार भागांत रानांतून भिंतीसारखे लांबच लांब उभे राहिलेले जे कातळ दिसतात, तेही त्याच लाव्ह्याचे. ज्या काळींत आपण कपाशी घेतों, ती याच दगडाची झीज होऊन बनलेली आहे.

मूळ भावाभावांत भेद करीत नाहीं

समस्थानिकांची शेतीस खरी मदत झाली ती एका साध्या गोष्टीमुळें. पिकाचें मूळ अणूशीं जी देवघेव करतें ती वावराच्या बांधावरची, म्हणजे इलेक्ट्रॉनांची असते. मधल्या दाण्यांत एखादा न्यूट्रॉन अधिक आहे कीं उणा, याची मुळास दाद नसते. एका मूलद्रव्याचीं सारीं समस्थानिकें तें जवळ जवळ सारख्याच रीतीनें घेतें. परंतु आपल्या यंत्रांस मात्र तीं वेगळीं ओळखतां येतात. कळपांतील एका गाईच्या गळ्यांत घंटा बांधली तर ती इतर गाईंबरोबरच चरते, पण कळप कोणत्या रानांत गेला तें दुरून कळतें. खुणेचा अणु हा असाच घंटेचा अणु होय.

ही युक्ति वनस्पतींवर प्रथम हेव्हेसी या शास्त्रज्ञानें १९२३ सालीं योजली. किरणोत्सर्गी शिशाचा अंश असलेलें पाणी त्यानें घेवड्याच्या जातीच्या झाडांस दिलें व तें शिसें मुळांत किती थांबलें आणि पानांपर्यंत किती गेलें, हें मोजून दाखविलें. या खुणेच्या पद्धतीबद्दल त्यास १९४३ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. पुढें अणुभट्ट्यांत निरनिराळीं समस्थानिकें बनवितां येऊं लागल्यावर खतांचा शोध याच मार्गानें सुरू झाला.

स्फुरदाचें एकच स्थिर रूप निसर्गांत आहे, तें ३१ भाराचें. ३२ भाराचा स्फुरद अणुभट्टींत करावा लागतो व त्याचें अर्धायुष्य अवघें चौदा-सवाचौदा दिवसांचें असतें. म्हणजे एका हंगामांत तो जवळ जवळ नाहींसा होतो. तो मिसळलेलें खत घालून पिकाच्या पानांत तो किती आला हें मोजलें, म्हणजे पिकानें घेतलेल्या स्फुरदापैकीं खताचा किती व जमिनीचा किती, हें वेगळें सांगतां येतें. अशा प्रयोगांनीं एक गोष्ट पक्की झाली कीं स्फुरद जमिनींत फारसा हालत नाहीं. जेथें पडला तेथेंच खिळून राहतो. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनींत तर त्याला चुना धरून ठेवतो. म्हणून तो वर फेंकून देण्यापेक्षां पेरणीच्या वेळींच बियाच्या खालीं व बाजूस, मुळांच्या वाटेंत पडेल असा पेरून द्यावा. मुळानें स्फुरदाकडे जावें लागतें. स्फुरद मुळाकडे चालत येत नाहीं.

नत्राचा हिशेब याहून महत्त्वाचा आहे, कारण येथें पैसा अक्षरशः हवेंत उडतो. हवेंतील नत्राच्या हजार अणूंत चारांच्या आंत अणु १५ भाराचे असतात. हें समस्थानिक स्थिर आहे; त्यांतून कोणतेही किरण निघत नाहींत, फक्त त्याचें वजन थोडें अधिक. हा जड नत्र मुद्दाम अधिक प्रमाणांत मिसळून युरिया बनवितात व पिकांत, जमिनींत आणि निचऱ्याच्या पाण्यांत त्याचा माग काढतात. जगभर झालेल्या या मापांतून पुन्हां पुन्हां हेंच दिसून आलें आहे कीं, पीक आपण घातलेल्या नत्रापैकीं पुष्कळदां निम्मेंही घेत नाहीं. उरलेल्यापैकीं कांहीं जमिनींत राहतें, कांहीं पाण्याबरोबर खालीं झिरपतें, आणि कांहीं अमोनिया किंवा इतर वायु होऊन हवेंत जातें. आपल्या काळ्या जमिनी बहुधा क्षारधर्मी, म्हणजे खाऱ्या चवीकडे नव्हे तर चुन्याच्या गुणाकडे झुकणाऱ्या असतात; अशा जमिनीवर युरिया उघडा पडून राहिला व वर ऊन पडलें कीं अमोनियाची वाट मोकळी होते. दोन पोतीं युरिया फेंकून एका पोत्याएवढें पीक पदरांत पडत असेल, तर तो दोष खताचा नसून तें देण्याच्या रीतीचा आहे.

ट्राँबेचें बियाणें

दुसरा प्रश्न बियाण्याचा. मुंबईजवळ ट्राँबे येथें १९५४ सालीं अणुशक्तीच्या संशोधनाची संस्था निघाली. १९६६ सालीं डॉ. होमी भाभा यांचें निधन झाल्यावर, १९६७ पासून ती भाभा अणुसंशोधन केंद्र या नांवानें ओळखली जाते. तेथें विजेबरोबर पिकांच्या बियाण्यावरही काम होत आलें आहे. बियांवर एक्स-किरण किंवा गॅमा-किरण सोडले असतां त्यांतील आनुवंशिक द्रव्यांत फेरफार होतात. यांस उत्परिवर्तन म्हणतात. यांतील बहुतेक फेरफार निरुपयोगी किंवा वाईटच असतात. हजारों झाडें वाढवून, पिढ्यान् पिढ्या पारखून, त्यांतून एखादें कामाचें झाड हातीं लागतें. आणि पुष्कळदां तें थेट न वापरतां त्याचा चांगल्या वाणाशीं संकर करावा लागतो. किरण हे नुसतें नशीब हालवितात. निवड करण्याचे कष्ट शास्त्रज्ञासच करावे लागतात.

या मार्गानें निघालेला मोठ्या दाण्याचा टी.जी. १ हा भुईमूग, ज्यास विक्रम असेंही म्हणतात, १९७३ सालीं प्रसृत झाला. अकोल्याच्या कृषि विद्यापीठाच्या सहकार्यानें टी.ए.यू. १ हा उडीद १९८५ सालीं निघाला. या नांवांतील पहिलें अक्षर ट्राँबेचें व दुसरें अकोल्याचें. हा उडीद महाराष्ट्रांत फार दूरवर पसरला. त्याच सहकार्यांतून पुढें टी.ए.जी. २४ हा बुटका, लवकर येणारा भुईमूग निघाला व उन्हाळी भुईमुगाच्या पेऱ्यांत त्यानें आपली जागा मिळविली. येथें एक खुलासा करतों. जळगांवच्या तेलबिया संशोधन केंद्राचा जे.एल. २४, म्हणजे फुले प्रगति, हा आपल्या ओळखीचा भुईमूग मात्र किरणांचा नव्हे. तो निवड पद्धतीनें काढलेला आहे. दोन्ही मार्ग खरे, व दोन्हींची परीक्षा शेवटीं वावरांतच होते.

हें बियाणें किरणोत्सर्गी असतें काय? मुळींच नाहीं. किरण दिले गेले ते अनेक पिढ्यांपूर्वींच्या मूठभर बियांस. त्या बियांतही किरण राहिले नव्हते, मग त्यांच्या वंशांत ते कोठून येणार? भुईमूग व उडीद हीं स्वतःच्याच परागानें फळणारीं पिकें असल्यामुळें हा वाण शुद्ध ठेवल्यास घरचें बियाणें राखतां येतें. दर वर्षीं नवें घेण्याची सक्ति नाहीं. परंतु भेसळ टाळण्यासाठीं तीन-चार वर्षांनीं प्रमाणित बियाणें आणून पालट करावा.

किरण दिलेला कांदा

तिसरा प्रश्न कांद्याचा. नाशिक जिल्ह्यांतील लासलगांव येथें २००२ सालीं "कृषक" या नांवाचें विकिरण केंद्र सुरू झालें. तेथें कोबाल्टचें ६० भाराचें समस्थानिक वापरतात. निसर्गांतला कोबाल्ट ५९ भाराचा व स्थिर असतो. अणुभट्टींत त्याच्या केंद्रकांत एक न्यूट्रॉन शिरला कीं तो ६० भाराचा होतो व सव्वापांच वर्षांच्या अर्धायुष्यानें गॅमा-किरण देत देत निकेल होतो. हे किरण कांद्यांतून आरपार जातात व कोंब फुटणाऱ्या पेशींची वाढ थांबवितात. चाळींतील कांद्यास मोड येणें त्यामुळें टळतें.

या किरणांस कांद्याच्या रेणूंची जोड तोडण्यापुरतें बळ असतें. अणूचें केंद्रक बदलण्याइतकें नसतें. म्हणजे बांधावर खळबळ होते, मधला दाणा जसाच्या तसा राहतो. म्हणून कांदा किरणोत्सर्गी होत नाहीं. मिरची उन्हांत वाळविली म्हणून तिच्यांतून रात्रीं ऊन निघत नाहीं, तसेंच हें. मात्र खुद्द कोबाल्ट अत्यंत घातक असतो. तो जाड भिंतीआड व पाण्याखालीं ठेवावा लागतो, आणि प्रशिक्षित माणसांखेरीज कोणी त्याच्या जवळ जाऊं नये. किरण लागणें व किरणोत्सर्गी द्रव्य अंगास किंवा अन्नास चिकटणें, या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिलीनें वस्तु किरणोत्सर्गी होत नाहीं, दुसरीनें होते. हा भेद ज्यास कळला त्यास या विषयाचा निम्मा उलगडा झाला.

तसेंच किरणांपासून नको ती अपेक्षाही करूं नये. खरचटलेला, ओल्या मानेचा किंवा कुजूं लागलेला कांदा किरण देऊन बरा होत नाहीं. साक्री-शिंदखेड्याच्या बाजूस कांदा घेणाऱ्यांनीं तो नीट सुकवून, मान कापून, हवेशीर चाळींत ठेवणें हीच पहिली पायरी होय. किरण ही त्यानंतरची.

शेतकऱ्यानें काय करावें?

एवढ्या विवेचनाचा व्यवहारांत उपयोग असा. युरिया ओल्या जमिनींत हप्त्याहप्त्यानें द्यावा व लगेच मातीआड करावा. ठिबक असल्यास पाण्याबरोबर थोडा थोडा सोडावा. साचलेल्या पाण्यांत तो टाकूं नये. स्फुरद पेरणीच्या वेळींच मुळांच्या वाटेंत पेरावा. केळीस पालाश एकदम न देतां वाढीप्रमाणें विभागून द्यावा, आणि मात्रा ठरविण्यापूर्वीं माती तपासून घ्यावी. कारण आपल्या काळ्या जमिनींत मूळचाही पालाश बराच असतो. खताची पोतीं कोरडीं ठेवावींत व हात धुवावेत, पण तें खतापासून जपण्यासाठीं. किरणांच्या भयानें नव्हे. ट्राँबेच्या वाणाची निवड दुसऱ्या कोणत्याही वाणाप्रमाणेंच उतारा, रोगाचा प्रतिकार, पक्व होण्याचा काळ व बाजारभाव पाहून करावी. केवळ अणूचें नांव आहे म्हणून तो घेऊंही नये व टाकूंही नये.

जो कोणी "अणुशक्तीचें खत", "किरणयुक्त औषध" अशा नांवानें कांहीं विकावयास येईल, त्यास एकच प्रश्न विचारावा : यांत कोणतें मूलद्रव्य आहे, व शेंकडा किती? पिकाचें मूळ हाच प्रश्न विचारतें. त्यास नांवाशीं कर्तव्य नसतें. बांधावर कोण आला आहे एवढेंच तें पाहतें. शेतकऱ्यानेंही पोत्यावरील शब्द बाजूस ठेवून आंत काय आहे तेंच पाहण्याची संवय लावावी, अशी आमची त्यांस आग्रहाची सूचना आहे.